रात्रीच्या मुक्कामाची होडी

म्हैसुरातून निघालेला माणूस अर्ध्या-पाऊण तासात कृष्णराजसागरावर पोचतो आणि दीड-दोन तासांत कबिनी धरणावर. पहिल्या धरणात कावेरी, हेमावती आणि लक्ष्मणतीर्थ या तीन नद्यांचे पाणी साठते. दुसऱ्यात कबिनीचे साठते, जिला इकडची माणसे कपिला म्हणतात. या पाण्यात मासे केवढे होत असत याचा दाखला म्हैसूरच्याच एका घराण्याच्या नावावर आहे. व्हॅन इंगेन हे शिकार केलेल्या जनावरांची कातडी भरून देणारे इथले एके काळचे नामांकित घराणे. त्यातल्या डी वेट व्हॅन इंगेन यांनी २२ मार्च १९४६ रोजी कबिनीत गळाने १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महाशीर काढला. गळाने काढलेल्या महाशीराचा विक्रम म्हणून आजही तोच सांगितला जातो.

एवढे पाणी, असे मासे, आणि तरीही आत झोपायची सोय असलेली छोटी बोट या भागात नजरेला पडत नाही. नोकरीधंद्यासाठी म्हैसूर-बंगळूरला स्थायिक झालेल्या मराठी मंडळींत गळाची हौस असणारे पुष्कळ आहेत. त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो: ‘वीस-बावीस फुटी, दोघांना झोपता येईल अशी बोट घ्यायची आहे, कोणती घेऊ?’ या प्रश्नाला कंपनीचे नाव सांगून उत्तर देणे सोपे आहे, पण ते उत्तर चुकीचे ठरण्याचा संभव फार. आधी पाणी बघायचे, मग हवा, मग वजन. बोट त्यानंतर.

म्हैसूरच्या खाली कावेरी खडकांतून वाहते. उन्हाळ्यात मध्येच दोन-तीन पुरुष खोल डोह आणि लगेच पुढे घोट्याएवढ्या पाण्याखाली काळा कातळ. तळकाडू, भीमेश्वरी, पुढे होगेनक्कल, या सगळ्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे ते हरिगोलु. बांबूच्या कामट्यांची ही गोल, उथळ टोपली. पूर्वी तिला कातडे मढवीत, आता जाड प्लास्टिक किंवा ताडपत्री लावून वर डांबर फासतात. ती वीतभर पाण्यात तरंगते, खडकाला लागली तर गिरकी घेऊन सुटते, आणि काठ आला की नावाडी ती डोक्यावर उपडी घालून चालू लागतो. भीमेश्वरी, गालिबोरे, दोड्डमकळी इथे महाशीरासाठी येणाऱ्या हौशी मंडळींच्या छावण्या असत. मोठा मासा गळाला लागून प्रवाहाबरोबर पळाला की माणसे हरिगोलुत बसून त्याच्या मागे जात आणि रात्री काठावरच्या तंबूत झोपत. मासेमारीची नाव वेगळी आणि झोपण्याची जागा वेगळी, हा त्या नदीने घालून दिलेला शहाणपणाचा धडा आहे. वीस फुटांची फायबरची बोट तिथे नेली तर इंजिनाच्या पंख्याचे पाते पहिल्याच कातळावर जाईल.

त्या छावण्यांवरची गळाची मासेमारी आता बंद झाली आहे. हा भाग कावेरी वन्यजीव अभयारण्यात येतो आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथे गळ टाकता येत नाही. शिवाय तो मासाही फारसा उरलेला नाही. कावेरीचा कुबडा महाशीर, शास्त्रीय नावाने टॉर रेमादेवी, २०१८ पासून अतिसंकटग्रस्त जातींत मोजला जातो. यात महाराष्ट्राचाही एक धागा आहे. लोणावळ्याजवळ वळवण धरणावर टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून निळ्या पराच्या महाशीराची पैदास होते. चांगल्या हेतूने उभे राहिलेले ते काम, पण तिथली पिल्ले कर्नाटकातही गेली, कावेरीत सोडली गेली, आणि या पाहुण्यांनी मूळच्या कुबड्या महाशीराची जागा व्यापली असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. तेव्हा कावेरीत मोठा मासा काढण्याचे स्वप्न धरून कोणी बोट घेत असेल तर त्याने ते आधीच सोडावे.

राहिली धरणे. कबिनीचा जलाशय १९७४ सालचा. पाण्याखाली जंगल गेले, पण झाडांचे बुंधे उभेच राहिले. पाणी उतरले की ही वाळकी खोडे वर दिसतात आणि छायाचित्रात फार सुंदर येतात. पाणी भरलेले असताना त्यांतली किती तरी पृष्ठभागाखाली हात-दोन हातांवर असतात आणि वेगाने येणाऱ्या नावेचा तळ फोडायला एक पुरते. शिवाय वरच्या अंगाला एका काठावर नागरहोळे आणि दुसऱ्या काठावर बंडीपूर, दोन्ही व्याघ्रप्रकल्प. तिथे सफरीच्या बोटी ठरल्या वेळी जातात-येतात. खासगी नावेने रात्र काढण्याचा विचार तिथे करू नये.

कृष्णराजसागर जास्त मोकळा आहे, पण धरण म्हटले की पाणी एका जागी राहत नाही. भरल्यावर पातळी १२४.८० फूट, आणि उन्हाळ्यात ती कित्येक फूट खाली येते. जानेवारीत जिथे होडी बांधली तिथे मे महिन्यात चिखलाचे मैदान असते. परवानगी पाटबंधारे आणि मत्स्यव्यवसाय अशा दोन्ही खात्यांची लागते आणि धरणाच्या भिंतीजवळचा पट्टा सुरक्षेसाठी बंदच असतो.

धरणाचे पाणी शांत असते, हा समज मात्र मुळातून काढून टाकायला हवा. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट अचानक उठलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, एक जण पोहून काठाला लागला. वळवाचा वारा सूचना देऊन येत नाही. उघड्या जलाशयावर त्याला अडवायला काही नसते, आणि उथळ पाण्यात उठणाऱ्या लाटा आखूड व उभ्या असतात. समुद्राच्या लांब लाटेवर होडी चढते-उतरते, या आखूड लाटेत ती आपटते आणि पाणी काठावरून आत येते. एप्रिल-मेमध्ये म्हैसूर भागातही असाच पाऊस दुपारनंतर येतो.

म्हैसूरचे आणखी एक वैशिष्ट्य बोट विकणारे सहसा सांगत नाहीत. हा सगळा प्रदेश समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांच्या आसपास आहे. हवा विरळ झाली की साध्या इंजिनाची ताकद दर तीनशे मीटरांना साधारण तीन टक्क्यांनी घटते. म्हणजे मंगळूरला ६० अश्वशक्ती देणारे इंजिन इथे ५५ च्या आसपास देणार. किनाऱ्यावर चाचणी घेऊन पसंत केलेली बोट, चार माणसे आणि सामान घेऊन, इथल्या धरणात जड वाटली तर त्यात कारागिराचा दोष नसतो.

आता बोटीकडे वळू. मासेमारी आणि मुक्काम या दोन गरजा एकमेकींच्या आड येतात, आणि छोट्या बोटीत दोन्ही पुऱ्या होत नाहीत. गळ टाकायला मोकळी जागा हवी, चारी बाजूंनी फिरता यायला हवे, मासा जाळीत घ्यायला काठ पाण्याला जवळ हवा. झोपायला छप्पर हवे, अंग पसरायला सव्वासहा फूट लांबी हवी, सामान कोरडे राहायला हवे. बावीस फुटांत केबिनला नऊ फूट दिले तर मागे दोन माणसे गळ टाकताना एकमेकांना ढोपर लावतात. केबिन उंच केली की बोटीचा भार वर सरकतो, वारा तिच्या भिंती ढकलू लागतो, आणि नांगरावर असताना ती रात्रभर डावीकडून उजवीकडे झुलत राहते.

परदेशी मासिकांत ज्या केबिनच्या बोटी दिसतात त्या नॉर्वे, स्कॉटलंड, अलास्का अशा थंड पाण्यांसाठी घडलेल्या आहेत. तिथे केबिन म्हणजे ऊब. चारी बाजूंनी काच, घट्ट बसणारे दार, आत शेगडी. तीच बोट मार्च महिन्यात कारवारला काळी नदीच्या मुखाशी नांगरून आत झोपून पाहावे. सूर्य मावळल्यावरही फायबरचे छत ऊब सोडत राहते, खिडकी उघडली की डास, मिटली की घाम. कोकणातल्या मच्छीमार बोटींवर केबिन असते, पण ती सुकाणू, यंत्रे आणि कागदपत्रे कोरडी राहावीत म्हणून. हवा बरी असेल तर खलाशी बाहेर फळ्यांवरच पथारी टाकतात. सगळा जन्म पाण्यावर गेलेली माणसे असे का करतात, याचा विचार ग्राहकाने करावा.

म्हणून माझे मत असे की आपल्याकडच्या मुक्कामाच्या छोट्या बोटीला भिंतींपेक्षा छत महत्त्वाचे. अठरा ते बावीस फुटांची उघडी बोट, तिच्या पाऊण लांबीवर पक्के, पांढरे, पण हलके छत, बाजूंना गुंडाळून ठेवता येणारे जाड कापडाचे पडदे, आतून पूर्ण लांबीची मच्छरदाणी. बसायच्या फळ्यांमध्ये आडव्या पट्ट्या टाकल्या की गादीची जागा होते, सकाळी पट्ट्या काढल्या की गळ टाकायला सगळी बोट मोकळी. नाळेत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, एक बुटका, कुलूप लागणारा कप्पा असावा. तो पावसात कपडे, औषधे आणि बॅटरी ठेवायला उपयोगी. फार तर त्यात एक लहान मूल झोपेल. पुरी बंद केबिन ज्यांना हवीच आहे त्यांनी पंचवीस फुटांच्या खाली येऊ नये, आणि नाळेवर वर उघडणारे झाकण व मागे दार असा वारा आरपार जाण्याचा मार्ग असल्याशिवाय ती घेऊ नये.

तळाचा आकार पाण्यावर ठरतो. सपाट तळाची बोट खाडीत, कालव्यात, उथळ चिखलात छान चालते. उभे राहून गळ टाकला तरी कलत नाही, पण लाट आली की तळ थापा मारतो. खाली निमुळता होत गेलेला तळ लाट कापतो, मात्र त्याला जास्त ताकदीचे इंजिन लागते आणि उभी असताना बोट जास्त डोलते. कोकण-कारवारच्या जुन्या कारागिरांनी या अडचणीवर उलांडी काढली. अरुंद होडीच्या बाजूला, दोन आडव्या दांड्यांच्या टोकाशी बांधलेला तो ओंडका होडीला उलटू देत नाही. केरळची केट्टुवळ्ळम ही मूळची भाताची वाहतूक करणारी नाव, फळ्या काथ्याने शिवलेली, तळ रुंद आणि सपाट. कुट्टनाडच्या संथ पाण्यावर तिच्यावर दोन-दोन खोल्या चढवता आल्या, कारण तिथे लाट नाही आणि नावेची लांबी साठ-सत्तर फूट आहे. तिचे छोटे रूप करून समुद्राच्या तोंडाशी न्यायचे ठरवले तर ते जिवावरचे होईल.

वेगाचेही एक गणित आहे. पाणी कापत जाणाऱ्या, पृष्ठभागावर न चढणाऱ्या बोटीचा वेग तिच्या पाण्यालगतच्या लांबीने बांधलेला असतो. फुटांतल्या लांबीचे वर्गमूळ काढून १.३४ ने गुणले की सागरी मैलांत ताशी वेग मिळतो. पंचवीस फुटांना पावणेसात, म्हणजे ताशी बारा किलोमीटरांच्या आसपास. त्याहून जास्त हवा तर बोट पाण्यावर चढवावी लागते आणि तिथे पेट्रोल भराभर जळते. ६० अश्वशक्तीचे चार-स्ट्रोक औटबोर्ड पूर्ण वेगात तासाला वीस-बावीस लिटर पिते. रात्रीच्या मुक्कामाला निघालेल्या माणसाला घाई कशाची? लहान इंजिन, सावकाश प्रवास आणि टाकीचे तीन भाग: एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी, एक अडचणीसाठी.

वजनाचा हिशेब कागदावर करायचा, कारण मन तो नेहमी कमीच धरते. चार माणसे ३०० किलो. इंजिन ११५. शंभर लिटर पेट्रोल ७५. पिण्याचे व वापरायचे पाणी ६०. दोन बॅटऱ्या ५५. नांगर, साखळी, दोर २५. बर्फाची पेटी बर्फासह ५०. गाद्या, भांडी, कपडे, गळांचे सामान ७०. बेरीज ७५० किलो, आणि अजून एकही मासा धरलेला नाही. ‘सहा माणसांची बोट’ असे विकणारा सांगतो तेव्हा तो दुपारच्या फेरीची सहा माणसे मोजत असतो, बिछान्यांसह नव्हे.

जुनी बोट घेणार असाल तर दोन गोष्टी स्वतःच्या हातांनी कराव्यात. इंजिन ज्या मागच्या फळ्यावर टांगलेले असते तो फळा बहुधा बाहेरून फायबर आणि आत प्लायवूड असा असतो. इंजिन थोडे वर उचलून त्याचा खालचा पाय दोन्ही हातांनी धरावा आणि जोर देऊन खाली-वर हलवावा. नजर फळ्यावर ठेवावी. फळा इंजिनाबरोबर लवला, बोल्टांभोवती बारीक भेगा उघडमीट करू लागल्या किंवा तपकिरी पाणी पाझरले, तर आतले लाकूड कुजले आहे. अशा बोटीची किंमत फक्त इंजिनाची. दुसरे, लहान लाकडी हातोडीने तळ आणि बाजू वीत-वीत अंतरावर ठोकत जावे. फायबर घट्ट असेल तर आवाज टणक येतो, थर सुटले असतील तिथे तो अचानक बद्द होतो. त्या जागा खडूने घेरत गेले की दहा मिनिटांत बोटीचा सगळा इतिहास समोर येतो. रंग नवा असेल तर जास्त वेळ ठोकावे.

रात्रीचा खरा धोका बुडण्यापेक्षा हवेचा असतो, आणि याबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते. पेट्रोलची वाफ आणि स्वयंपाकाचा गॅस दोन्ही हवेपेक्षा जड. गळती झाली तर दोन्ही बोटीच्या तळाशी जाऊन साठतात आणि एका ठिणगीची वाट बघतात. सिलिंडर आणि पेट्रोलची टाकी बंद कप्प्यात कधीच नको. बाहेर, जिथून वाफ काठावरून पाण्यावर उतरून जाईल अशा जागी हवी. इंजिनाचा किंवा जनरेटरचा धूर मागून वाऱ्याने आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागा होऊ देत नाही. इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून पडदे ओढून झोपायचे नाही, हा नियम घरातल्या लहानांनाही पाठ असावा.

नांगराचा दोर किती, यावर रात्रीची झोप ठरते. मोजायचे ते भरतीच्या वेळचे पाणी. मुंबईला उधाणात भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांच्या वर जातो, कोचीला जेमतेम मीटरभर. कोकणातल्या खाडीत संध्याकाळी ओहोटीला तीन मीटर पाणी आहे, भरती आणखी तीन मीटर चढणार आहे आणि नाळ पाण्यापासून मीटरभर उंच आहे असे धरा. एकूण सात मीटर. त्याच्या पाचपट, म्हणजे पस्तीस मीटर दोर सोडायचा, वारा असेल तर सातपट. संध्याकाळच्या पाण्याकडे बघून पंधरा मीटर सोडले तर मध्यरात्री नांगर उचलला जातो आणि बोट वाहू लागते, ते कळते सकाळी किंवा खडकावर.

कायद्याची बाजू थोडक्यात. नद्या, खाड्या आणि धरणांतल्या यांत्रिक नौकांना २०२१ चा अंतर्देशीय नौका कायदा लागू आहे. त्याने १९१७ चा जुना कायदा काढून टाकला. नोंदणी आणि तपासणी सक्तीची, पण एका राज्याची नोंदणी देशभर चालते, ही म्हैसुरात राहून गोव्यात किंवा कोकणात बोट नेणाऱ्यासाठी मोठी सोय आहे. समुद्रात जायचे तर त्या राज्याच्या सागरी मंडळाकडे चौकशी करावी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ, आणि हौशी माणसानेही तो पाळावा; मासे विणीचे असतात आणि समुद्र माणसांचा नसतो.

म्हैसूरकराने बोट ठेवायची कुठे, हा शेवटचा प्रश्न. ट्रेलरवर बोट घेऊन घाट उतरणे जमते, पण ट्रेलरचीही आरटीओत नोंदणी लागते, आणि बंडीपूरमधून जाणारे रस्ते २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहनांना बंद असतात. त्यामुळे केरळकडे त्या वाटेने पहाटे पोचण्याचा बेत करता येत नाही. माझा निर्णय स्पष्ट आहे. म्हैसूरच्या पाण्यासाठी केबिनची बोट घेऊ नये. इथे परवानगी असलेल्या जागी साधी होडी किंवा काठावरून गळ, आणि झोप काठावर. मुक्कामाची बोट हवी असेल तर ती किनाऱ्यावरच ठेवावी: पय्यन्नूरजवळचे कव्वायीचे पाणी, कारवारची काळी नदी, गोव्याची मांडवी आणि झुआरी, मालवणची कर्ली, जयगडची खाडी, दाभोळची वाशिष्ठी. तिथे इंजिन दुरुस्त करणारे हात आहेत, पाण्याची जाण असलेले तांडेल आहेत, आणि बोट वर ओढायला माणसे मिळतात.

आणि इसार देण्याआधी एवढे कराच. घरची जितकी माणसे येणार तितकी, तितकेच पाणी, तितकेच पेट्रोल, तोच बर्फ घेऊन त्याच बोटीत, तिच्या मालकासह, खाडीत नांगर टाकून एक रात्र काढा. प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट असू द्या. सकाळी पाणी काठापासून किती खाली आहे ते टेपने मोजा आणि सगळ्यांना झोप कशी लागली ते विचारा. मालक ही एक रात्र द्यायला तयार नसेल तर ती बोट घेऊ नका.